बसणाऱ्याची बाजू

आमच्या घरमालकांच्या मते, जंगलात जगून दाखवणारे टीव्हीवरचे सगळे गोरे दोनच जातींचे होते. एक पळणारा आणि एक बसणारा. पळणाऱ्याचा कार्यक्रम एका वाहिनीवर लागे, बसणाऱ्याचा दुसऱ्या. दोघेही हिंदीत बोलत, कारण मुंबईत बसून कोणीतरी त्यांच्या तोंडी हिंदी घातलेली असे, आणि दोघांना आवाज देणारा माणूस एकच आहे असा आमच्या घरमालकांचा पक्का वहीम होता. त्या गोऱ्यांची खरी नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. "आज पळणाऱ्याचा आहे का बसणाऱ्याचा?" एवढंच विचारत, आणि बसणाऱ्याचा असला तर दुकानातली शिलाई मशीन बंद होई.

मी तेव्हा आलापल्लीला शाळेत शिकवत होते. मूळची वरोऱ्याची, कापसाच्या मोकळ्या वावरांत वाढलेली. आलापल्लीचं ते सागवान मला पहिल्या दिवसापासून मानवलं नाही. दुपारी चारलाच संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. बदली कधी होते याकडे माझे डोळे लागलेले असत. घरमालकांचं ताडपत्रीचं दुकान चौकात होतं. दुकानामागे अंगण, अंगणाच्या एका बाजूला त्यांचं घर आणि दुसऱ्या बाजूला माझी भाड्याची खोली. सगळं गाव त्यांना ताडपत्रीवाले चाचा म्हणे, म्हणून मीही चाचाच म्हणायची. ते मला बाई म्हणत.

चाचा म्हणजे उंच, वाकलेला माणूस. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, बोटांवर मेणाचा थर. लाकडाच्या ट्रकांवरच्या ताडपत्र्या, वनखात्याचे तंबू, जत्रेतल्या दुकानांची पालं, होल्डॉल, दप्तरं असं जे काही जाड कॅनव्हासचं असेल ते सगळं ते शिवत. दुकानात एका कोपऱ्यात रंगीत टीव्ही होता आणि छपरावर डिशची छत्री. ती छत्री वादळात हलू नये म्हणून चाचांनी ती स्वतःच्या हातांनी दोरीने चौफेर आवळून बांधली होती. गाठी इतक्या पक्क्या होत्या की बांधताना छत्रीचं तोंड जे भलतीकडे वळलं ते कोणालाच सरळ करता येईना. तो आठवडा आम्ही पडद्यावर नुसत्या मुंग्या पाहिल्या. शेवटी दोरी कापावी लागली, आणि त्या दिवशी चाचा जेवले नाहीत.

टीव्हीतल्या माणसांकडे ते कारागिराच्या डोळ्यांनी पाहत. पळणारा विमानातून उडी मारून नदीत पडायचा, आम्ही श्वास रोखायचो आणि चाचा पुढे वाकून म्हणायचे, "पट्ट्याचा टाका पाहा. एकेरी आहे. दुसऱ्या उडीले तुटते." दुसऱ्या उडीला तो तुटत नसे. तरी चाचांचं मत बदलत नसे. चाकू या वस्तूचा त्यांना विशेष राग होता. दोन्ही गोरे बाहेर पडताना आधी चाकू दाखवत. चाचा म्हणत, "चाकू म्हंजे दिखावा आहे बाई. जंगलात माणसाले दाभण पायजे. कापाचं काम कोणालेही येते. फाटलेलं जोडाले ज्याले येते, तो वाचते."

त्यांची स्वतःची जंगलात न्यायची पिशवी दुकानातल्या खिळ्याला कायम भरलेली टांगलेली असे. खाकी कॅनव्हासची, दुहेरी टाक्याची. तिच्यात ताडपत्रीचा एक तुकडा, सुताची दोरी, दोन जातींची दाभणं, मेणाचा गोळा, तीन सेलची बॅटरी, अॅल्युमिनियमचा डबा, मीठ आणि तिखटाची पुरचुंडी, आणि ओल्या लाकडालाही आग लावता यावी म्हणून सायकलच्या ट्यूबचे कातरलेले तुकडे असत. बाटलीवर त्यांचा विश्वास नव्हता. पाण्यासाठी वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा होता, कारण तुंब्यातलं पाणी उन्हातही गार राहतं. दर पावसाळ्यानंतर ते मीठ बदलत, बॅटरीचे सेल चाटून पाहत आणि पिशवी पुन्हा खिळ्याला लावत.

आता सांगायची गोष्ट अशी की चाचा जंगलात कधी गेलेच नव्हते. ज्या गावाला चारही बाजूंनी जंगल आहे त्या गावात साठ वर्षं काढून हा माणूस दिवस मावळल्यावर नाक्यापलीकडच्या झाडीत शिरला नव्हता. एकदा वनखात्याच्या साहेबांनी कॅम्पवरचे तंबू पाहायला म्हणून त्यांना आग्रहाने जीपमध्ये घातलं. पिशवी बरोबर घेऊन चाचा ऐटीत गेले आणि त्याच जीपने परत आले. दुकान उघडं राहिलं होतं म्हणे. दुकानात तर त्यांची बायको, चाची, बसली होती; खरं काय ते तिने मला नुसतं डोळ्यांनी सांगितलं. घरात मात्र ते थंडीतसुद्धा मच्छरदाणी लावून झोपत, आणि तिच्या चार कोपऱ्यांना चार वेगळ्या गाठी मारत, कारण हाताला सवय राहिली पाहिजे.

एका श्रावणात त्यांनी ती सायकलच्या ट्यूबची आग दुकानातच करून दाखवली. आग लागली, यात वाद नाही. धूर इतका झाला की समोरचा पंक्चरवाला पाण्याचं घमेलं घेऊन धावत आला आणि त्याने ते चाचांवरच रिकामं केलं. चाचा ओलेचिंब उभे राहून म्हणाले, "पाह्यलं? पाण्यातही इझली नाई." विझली होती. पण बोलणार कोण?

त्या काळात लोडशेडिंग असे, आणि आमच्याकडची वीज बरोबर कार्यक्रमाच्या मध्यावर जाई. पळणारा कड्याला लटकलेला असे, खाली दरी असे आणि फट्कन अंधार. ताडपत्रीला ठिगळ लागायची वाट पाहत बसलेले ट्रकवाले शिव्या घालत. मग चाचा खाकरून पुढची गोष्ट स्वतः सांगत. पळणाऱ्याचं ते लवकर उरकत. "उतरला. पाय मुरगळला. कॅमेरावाल्यानं खांद्यावर घेतला. त्याले काय, मागे दहा माणसं असतात." बसणाऱ्याच्या बाबतीत मात्र ते रंगून जात. त्याने फांद्या कशा तोडल्या, छप्पर कोणत्या बाजूला उतरतं केलं, आग कशी जपली, सगळं ते तपशिलाने सांगत, आणि शेवट नेहमी एकच असे. तो हलला नाही आणि दुसऱ्या दिवशी विमान आलं. त्यातले कितीतरी भाग पुढे पुन्हा लागले तेव्हा मी पूर्ण पाहिले. शेवट वेगळे होते. चाचांचे बरे होते.

मला पळणारा आवडायचा, हे मी लपवत नसे. मलाही आलापल्लीतून पळायचंच होतं. त्यावरून आमचं वाजायचं.

"चाचा, बसून राहून भुकेने मरेल तो. निदान चाललं तर रस्ता तरी लागेल."

"चालला तं दूर जाईन. शोधणारा इथी येईन अन् तो तिथी. मंग?"

"आणि शोधणारा आलाच नाही तर?"

"येते," चाचा म्हणत. "दोनच कामं आहेत बाई. हरवलेल्यानं बसावं, शोधणाऱ्यानं चालावं. ज्याचं त्यानं केलं पायजे."

भामरागडच्या रस्त्याकडचा एक म्हातारा माडिया आदिवासी मोहफुलं विकायला आला की दुकानाच्या पायरीवर टेकायचा. एकदा त्याने बसणाऱ्याचा अख्खा भाग पाहिला. त्या गोऱ्याने किडा भाजून खाल्ला, सालीची दोरी वळली, एकट्याशीच बराच बोलला. म्हाताऱ्याने विचारलं, "याले गावातून काढून देलं का?" कोणीतरी सांगितलं, नाही, हा हौसेने गेला आहे. म्हातारा थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मंग याच्या घरचे शोधाले नाई येत का?" सगळे हसले. चाचाही हसले, पण उशिरा.

ते उशिरा का हसले हे गावाला माहीत होतं.

चाचांना एकच मुलगा. मी राहायला आले तेव्हा पंचविशीचा असेल. बापासारखा उंच, हात बापाचाच, पण कॅनव्हास त्याला जड वाटायचा. बाजारात तेव्हा निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या येऊ लागल्या होत्या. स्वस्त, हलक्या, फाटली की फेकायची. ट्रकवाले तिकडे वळत होते. मुलगा म्हणायचा, "अब्बा, आपण बी ठेवू." चाचा म्हणायचे, "ते ताडपत्री नोहे, थैली आहे." एवढ्यावर ते थांबायचं. एकदा नागपूरकडची काही कॉलेजची मुलं पक्षी पाहायला आली आणि त्यांनी चौकातच आपले नायलॉनचे तंबू उभे करून दाखवले. मुलाने ते पाहिले आणि त्याचं मन दुकानातून उठलं. पुढे त्याने नागपूरहून तसा एक तंबू आणला. निळा, गोल, बोटभर जाडीच्या वाकणाऱ्या काड्यांचा.

एका शुक्रवारी चाचा नमाजला गेले होते. मुलाने तंबू दुकानापुढे उभा केला. पाहता पाहता झाला उभा. आमच्या कॅनव्हासच्या तंबूला चार माणसं, खुंट्या आणि हातोडा लागायचा. इथे एकट्या माणसाने हसत हसत केलं. चौकातली सगळी गर्दी भोवती जमली, शाळेची मुलं आत शिरून बाहेर येऊ लागली. मीही आत बसून आले. आत निळा उजेड होता.

चाचा आले, गर्दी बाजूला झाली. त्यांनी तंबूला हात लावून पाहिला, टाका पाहिला, काडी वाकवून पाहिली.

"पाणी थांबते का?" त्यांनी विचारलं.

"थांबते, अब्बा."

"बादली आण."

मुलगा आत जाऊन बसला. चाचांनी स्वतः बादली ओतली, मग दुसरी ओतली. मुलगा आतून म्हणाला, "कोरडा आहो." बाहेर आला, खरंच कोरडा होता. कोणीतरी टाळी वाजवली. आणि मग एका ट्रकवाल्याने, काही कारण नसताना, म्हटलं, "चाचा, तुमच्या तंबूत आतून बोट लावलं तं टपकते ना?"

ते खरं होतं. भिजलेल्या कॅनव्हासला आतून हात लागला की तिथून पाणी झिरपू लागतं. चाचाच प्रत्येक गिऱ्हाइकाला तंबू देताना बजावत, आत झोपा पण हात लावू नका. पण हे शुक्रवारी भर चौकात ऐकायची त्यांची तयारी नव्हती. ते दुकानात गेले आणि कातर घेऊन आले. जाड कॅनव्हास कापायची ती मोठी कातर. त्यांनी तंबू वरपासून खालपर्यंत कापला. नायलॉन कापताना आवाजही फारसा झाला नाही.

"आता गळते," ते म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. आजही आठवलं की येतो.  मुलाने काड्या काढल्या, कापड घडी करून दुकानाच्या फळीवर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेला. कुठे जातो हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

पण ट्रकवाल्यांपासून काय लपतं? थोड्याच महिन्यांत बातमी आली. मुलगा तिकडे तेलुगू मुलखात, मंचेरियालला आहे, बसस्टँडजवळ एका बॅगांच्या दुकानात शिलाई करतो. चाची सिरोंचाकडची, तिची तेलुगू त्याला येत होती, म्हणून तिकडे गेला असावा. आलापल्लीहून बसने बल्लारपूर, तिथून रेल्वेने मंचेरियाल, सकाळी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत पोचतो. बातमी आणणाऱ्याला चाचा चहा पाजत आणि काही विचारत नसत. तो निघाला की त्याच्या ताडपत्रीचा फाटका कोपरा न सांगता शिवून देत. "येईन तो," ते मला म्हणाले, मी काही न विचारता. "जागा आपण सोडली नाई. दुकान इथीच आहे. त्याले माहीत आहे."

त्यांनी खरंच जागा सोडली नाही. आधी निदान कापड आणायला ते चंद्रपूरला जात, तेही बंद केलं. भाचीच्या लग्नाला गेले नाहीत. दुकान जुम्म्यालासुद्धा नमाजपुरतंच बंद होई. टीव्हीवर बसणाऱ्याचा कार्यक्रम ते आता हात जोडल्यासारखे पाहत आणि पळणाऱ्याचा लागला की उठून जात. मी चिडवायचं थांबवलं.

चाचीबद्दल सांगायला हवं. ठेंगणी, पान खाणारी, कमी बोलणारी बाई. रागावली की तेलुगूत पुटपुटायची, त्यामुळे तिचा राग मला कधी कळला नाही. कोंबड्या पाळायची. जंगलाचे कार्यक्रम तिला अजिबात आवडत नसत. "धडधाकट माणूस उपाशी बसते अन् तुमी पाह्यता," म्हणायची. मुलगा गेल्यावर ती एकदाही रडताना मी पाहिली नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "चाची, तुम्ही का जाऊन येत नाही?"

"मी गेली तं तो येईन बी," ती म्हणाली. "मंग जन्मभर मी दोघायच्या मधात उभी. तंबू मी कापला का?"

चाचांची एक लाडकी गोष्ट होती, मार्कंड्याच्या जत्रेची. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठावर मोठी जत्रा भरते. तिथल्या दुकानांची पालं चाचांकडून जात, आणि ती उभी करायला ते स्वतः जात. मुलगा पहिलीत असताना त्यांनी त्याला बरोबर नेलं. नेतानाच बजावलं होतं, हरवला तर हलू नको. पोरगा हरवलाच. गर्दी अशी की माणूस माणसाला दिसेना. संध्याकाळी चाचांना तो सापडला, एका पालाच्या खुंटीला दोन्ही हातांनी धरून बसलेला. शिपायाने उचलायचा प्रयत्न केला, रसवाल्या बाईने रस देऊ केला, याने खुंटी सोडली नाही. त्याच्या तळव्यांवर खुंटीचा वळ उठला होता. बसणाऱ्याची बाजू मांडताना चाचा शेवटी ही गोष्ट काढत आणि हात उघडून तो वळ कुठे होता ते दाखवत, जणू तो त्यांच्याच हातावर होता.

मुलगा गेल्याला दुसरा पावसाळा सरला होता. दसऱ्याच्या आसपासची संध्याकाळ. दुकानात एक ट्रकवाला, मी आणि चाचा. चाची दाराच्या चौकटीला टेकून सुपारी कातरत होती. बसणाऱ्याचा भाग लागला होता. कुठल्याशा बर्फाच्या मुलखात त्याने झाडाखाली आडोसा केला होता, आग पेटवली होती, आणि त्याला न्यायला विमान यायचं होतं. ते येत नव्हतं. तो वर पाहत होता. तेवढ्यात वीज गेली.

ट्रकवाल्याने कपाळाला हात लावला. चाचा खाकरले.

"त्यानं आग इझू देली नाई," ते अंधारात सुरू झाले. "बर्फ पडून राह्यला, तरी हलला नाई. ओलं लाकूड बाजूले वाळत ठेवलं. रात काढली. दुसऱ्या दिवशी..."

"अन् विमानवालाही बसून राह्यला असता तं?" चाची म्हणाली.

चाचा थांबले.

"विमानवाला काऊन बसन?" ते म्हणाले. "त्याले तं शोधाचं आहे."

"हाव ना. मंग तुमी काऊन बसले?"

ट्रकवाल्याने खिशातून काडेपेटी काढली होती, पण काडी पेटवली नाही. चाचा म्हणाले, "घर सोडून तो गेला. मी नाई."

"गेला. अन् आता कुठी आहे? मंचेरियालले, बसस्टँडजवळ. जवळून ट्रक जाते, बस जाते, सगळ्यायले दिसते. दुसरं दुकान नाई केलं, दुसरं गाव नाई केलं. हलला का तो? खुंटी धरून बसला आहे." तिचा आवाज चढला नव्हता. अडकित्ता चालूच होता. "मार्कंड्याले त्याले कोणं सांगतलं होतं, हलू नको, मी येतो? मी सांगतलं होतं?"

आम्ही इतकी वर्षं ती गोष्ट ऐकत होतो. त्यातलं 'मी येतो' चाचांनी कधी सांगितलं नव्हतं. ते पहिल्यांदा ऐकलं.

 वीज आली तेव्हा कार्यक्रम संपला होता, मंजनाची जाहिरात चालू होती. चाचांनी उठून टीव्ही बंद केला आणि फळीवरून ती निळी घडी खाली काढली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा दुकानात मशीनचा आवाज येत होता, पण नेहमीचा नाही. कॅनव्हासची सुई नायलॉनवर घसरते. चाचांनी कापलेल्या दोन्ही कडांच्या मधे खाकी कॅनव्हासची लांब पट्टी घातली होती आणि ती मशीनवर जमेना म्हणून अर्धी हाताने, दाभणाने शिवत होते. प्रत्येक टाक्यावर मेण घासत होते. गिऱ्हाईक आलं तर मान वर न करता "उद्या" म्हणत. टाका दुहेरी होता. दिसायला ते फार वाईट दिसत होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. निळ्या अंगावर वरपासून खालपर्यंत ती खाकी पट्टी.

संध्याकाळी अंगणात तंबू उभा राहिला. काड्या कशा घालायच्या ते चाचांना येत नव्हतं, मी आणि चाचीने मिळून घातल्या. चाचा वाकून आत गेले आणि मांडी घालून बसले. जंगलातला तंबू म्हणावा अशा वस्तूत मी त्यांना बसलेलं पाहिलं ते एवढंच, आणि तेही कोंबड्यांच्या मधोमध.

"ओत," आतून आवाज आला.

चाचीने बादली ओतली. आम्ही वाट पाहिली.

"गळते का?" तिने विचारलं.

आतून टाक्यावरून बोट फिरल्याचा आवाज आला. मग चाचा म्हणाले, "गळते. टाक्यातून गळते. मेण पुरलं नाई. उसवून पुन्हा शिवतो."

"गळू द्या," चाची म्हणाली. "तसाच न्या."

"गळका नेऊ?"

"कापला तवा कोरडा होता ना? मंग गळकाच न्या. त्याले बी कळू द्या का तुमाले नाई जमलं."

ते ओल्या टोपीने बाहेर आले. मला वाटलं होतं की आता भांडण होईल, पण त्यांनी तंबू उतरवायला घेतला. सकाळी मी दात घासत अंगणात उभी असताना ते निघाले. खांद्याला खिळ्यावरची खाकी पिशवी, तुंब्यासकट, आणि काखेत निळी घडी. मंचेरियालला जायला तुंबा कशाला लागतो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. चाचीने बसपर्यंत सोबत केली नाही. तिने दुकान उघडलं, मशीनवर बसली आणि कोणाच्या तरी फाटक्या ताडपत्रीला ठिगळ लावू लागली. तिलाही शिवता येतं हे मला तेव्हा कळलं.

"तुम्ही पण जायचं होतं," मी म्हटलं.

"दोघं गेलो तं इथी कोण बसन?" ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस तिने दुकान एकटीने चालवलं. टीव्ही लावला नाही. पान खायची ते वाढलं, एवढंच. मी शाळेतून आले की उगाच दुकानात डोकावत असे. मला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं, कारण त्या गावात माझं काही गुंतलेलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आले होते.

मग एका दुपारी तोच ट्रकवाला आला, त्या संध्याकाळचा. मंचेरियालहून परतत होता. ट्रक चौकातच आडवा लावून तो खाली उतरला आणि पायरीवरूनच बोलायला लागला.

"चाची, पाह्यलं म्या. बसस्टँडजवळ, त्या बॅगांच्या दुकानापुढं. निळा तंबू उभा आहे, मधात खाकी पट्टी. हे गर्दी जमली. ट्रक थांबवाले जागा नाई, पण चालता चालता पाह्यलं. आत कोणीतरी बसून होतं. अन् एक जण वरून बादली ओतून राह्यला होता."

चाचीने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"आत कोण होतं?"

"चाचा. टोपी दिसली."

"अन् ओतत कोण होतं?"

"आपला पोरगा ना. हसून राह्यला होता."

चाचीने पदराने तोंड पुसलं. सुईखालचा कॅनव्हास सरळ केला, चाकावर हात ठेवला आणि विचारलं, "गळत होता का?"

"ते नाई दिसलं," ट्रकवाला म्हणाला. "पण चाचा आतून वरडून राह्यले होते, अजून ओत म्हणून."